बीए करू की लॉ? आधी तिसऱ्या वर्षाचं बोलूया

पत्र थोडक्यात असं आहे. खानापूर तालुक्यातल्या एका गावातली मुलगी, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग आर्ट्समधून पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी), सेकंड पीयूचे मार्क चांगले पडलेत. वडील एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते, त्यामुळं निवडणुका, सीमाप्रश्न, तालुक्याचं राजकारण हे सगळं जेवताना कानावर पडतच ती मोठी झाली. तिला बीएला राज्यशास्त्र घ्यायचंय. कॉलेजातले सर म्हणतात घे, पुढं यूपीएससी बघ. बेळगावातला मामा म्हणतो त्यानं काय पोट भरणार, सरळ पाच वर्षांचं लॉ कर. तिला लॉची भीती वाटते, कारण इंग्लिश कच्चं, आणि कन्नड वाचता येतं पण लिहिताना चुका होतात. घरात पैशांची ओढाताण आहे. मोठ्या बहिणीचं बीए फायनलला असताना लग्न झालं, हे तिनं मधेच एका ओळीत लिहिलंय. शेवटी विचारते, "ताई, आवडीचं घेऊ की पोटाचं?"

अगं, आवडीचं म्हणजे राज्यशास्त्र आणि पोटाचं म्हणजे लॉ ही वाटणी तुझी तू केलीस की मामानं करून दिली? मला विचारशील तर ती दोन्हीकडनं चुकलेली आहे.

आधी आवडीचं बघू. तू घरात ऐकलंस ते राजकारण, कोण कुणाच्या गटात गेला, कुठल्या वॉर्डात किती मतं फुटली, टँकर कुणाच्या दारात आधी थांबला. बीएच्या वर्गात हे नसतं. तिथं प्लेटो, हॉब्स, लॉक, रूसो असतात, राज्यघटना असते, परराष्ट्र धोरण असतं, लोकप्रशासन असतं. चांगला शिकवणारा भेटला तर त्यातनं तुझ्या गावच्या टँकरचं राजकारण पण नव्यानं कळतं, नाही भेटला तर गाईड पाठ करून तीन वर्षं निघून जातात, आणि असं होणारी पोरं कमी नाहीत हे तुला पण माहीत असेल. म्हणून म्हणते, कुठल्याही सिनियर मुलीकडनं फर्स्ट इयरचं राज्यशास्त्राचं पुस्तक आण आणि दोन धडे वाच. राजकारणावर गप्पा मारायला आवडणं वेगळं आणि हॉब्स वाचायला आवडणं वेगळं. दोन्ही आवडलं तर फारच छान.

दुसरं असं की पाच वर्षांच्या बीए एलएलबीत पहिल्या दोन वर्षांत राज्यशास्त्र असतंच की, सोबत समाजशास्त्र, अर्थशास्त्र पण. बीएइतकं खोलात जात नाहीत हे खरं. पण मामाच्या बोलण्यावरनं तुला वाटायलंय की लॉला गेलं की राज्यशास्त्राला कायमचा रामराम, तसं काही नाही. तू हुबळीचे एस. आर. बोम्मई ऐकले असशील, त्यांचं सरकार १९८९ मध्ये केंद्रानं बरखास्त केलं आणि १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावर जो निकाल दिला तो राज्यशास्त्राच्या वर्गात केंद्र-राज्य संबंध म्हणून शिकवतात आणि लॉच्या वर्गात कलम ३५६, म्हणजे राष्ट्रपती राजवट, म्हणून. फरक इतकाच की राज्यशास्त्रवाला विचारतो, केंद्रातली सरकारं असं का करत आली? लॉवाला विचारतो, बहुमत आहे की नाही हे राज्यपालांनी ठरवायचं की सभागृहात मोजायचं, आणि कोर्टाला त्यात किती बघता येतं? तुला यातला कुठला प्रश्न जास्त टोचतो? हे मात्र मनापासून ठरव.

बेळगावात शहापूरला नाथ पै सर्कलवरनं तू गेलीच असशील. ते नाथ पै वेंगुर्ल्याचे, शिकले बेळगावात, लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले आणि १९५७ पासून राजापूरचे खासदार. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की मूलभूत हक्कांना संसदेनं हात लावायचा नाही, तेव्हा संसदेचा तो अधिकार परत मिळावा म्हणून नाथ पैंनी खासगी विधेयक आणलं. ते पास झालं नाही, पण १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीनं तेच केलं. (त्याच वर्षी जानेवारीत बेळगावातच त्यांचं निधन झालं होतं.) त्यांचं विधेयक बरोबर होतं का यावर आज पण वाद घालता येईल, घाल, पण असलं विधेयक लिहायला कायदा पण लागतो आणि राजकारण पण.

सीमाप्रश्नाचं तू लिहिलंस म्हणून थोडं सांगते, मी इथं कुठल्या बाजूनं भांडायला बसलेली नाही. सीमाप्रश्नावर केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून. तो दावा घटनेच्या कलम १३१ खाली आहे, म्हणजे दोन सरकारांमधलं भांडण थेट सुप्रीम कोर्टात. कर्नाटकाचं म्हणणं की कलम ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा ठरवणं संसदेचं काम, कोर्टाचं नाही. म्हणजे हा विषय राजकारणाचा की कायद्याचा, याच्यावरच वकील भांडायलेत. आणि त्याच्या खाली रोजच्या जगण्यातल्या गोष्टी आहेत ज्यावर भाषण कुणी करत नाही. कलम ३५०अ, प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय राज्यानं करावी. कलम ३५०ब, भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचा विशेष अधिकारी. ज्या भागात १५ टक्के किंवा जास्त लोक एखाद्या अल्पसंख्य भाषेचे आहेत तिथं महत्त्वाच्या नोटिसा, नियम त्या भाषेत पण द्यावेत असं ठरलेलं. हे कागदावर आहे, ते पंचायतीच्या बोर्डापर्यंत आणायला अर्ज लिहिणारं माणूस लागतं, साधा, मुद्देसूद, कलम टाकलेला अर्ज. आपल्याकडं मोर्चाला माणसं मिळतात, अर्ज लिहायला मिळत नाहीत.

आता पोटाचं. मामाला वाटतं लॉ झालं की पैसे सुरू. तसं नसतं गं. काळा कोट घातल्यावर पहिली दोन-तीन वर्षं सिनियरच्या हाताखाली फायली उचलायच्या, तारखा घ्यायच्या, बरेच सिनियर पेट्रोलपुरतं देतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं सर्क्युलर काढलं की ज्युनियरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्या, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. पाच वर्षं शिक्षण, त्यात ही दोन-तीन घाल, म्हणजे घराला हातभार लागायला सात-आठ वर्षं धर. जज व्हायचं म्हटलंस तरी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की सिव्हिल जज ज्युनियर डिव्हिजनच्या परीक्षेला बसायला आधी तीन वर्षं वकिली हवी. म्हणजे पास होऊन सरळ परीक्षा, तो रस्ता बंद झाला. एक बरं झालं, वकिलीची सनद घेताना पूर्वी बार कौन्सिल्स हजारो रुपये घ्यायच्या, जुलै २०२४ च्या निकालानं ते जनरलला ७५० आणि एससी-एसटीला १२५ रुपयांवर आणलं.

आणि राज्यशास्त्र घेणारे काय सगळे उपाशी बसलेत? एमए करून नेट किंवा कर्नाटकाची के-सेट परीक्षा पास झाले तर प्राध्यापकीला अर्ज करता येतो, बीएड केलं तर शिक्षकी, पत्रकारिता आहे, स्पर्धा परीक्षा आहेत. सरांचं यूपीएससीचं म्हणणं चूक नाही, पण यूपीएससीला कुठलीही डिग्री चालते, राज्यशास्त्र पण ऑप्शनल घेता येतं आणि लॉ पण, मेन्स मराठीत लिहिता येते. म्हणजे यूपीएससी हे बीए घ्यायचं कारण होऊ शकत नाही. आणखी एक, महाराष्ट्र सरकारच्या भरतीत सीमाभागातल्या ८६५ गावांच्या उमेदवारांना १५ वर्षं वास्तव्याचा दाखला असेल तर अर्ज करता येतो, पोलीस भरतीच्या जाहिरातीत तू वाचलं असशील. तुझं गाव त्या यादीत आहे का वडिलांना विचार. याला पण डिग्रीचा विषय आड येत नाही.

मग पैशाच्या बाबतीत दोन्ही सारखेच? साधारण होय, एका गोष्टीत सोडून. लॉची सनद हातात असली की कुणी नोकरी दिली नाही तरी कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसता येतं. बीएला तसं काही नाही, तिथं कुणीतरी घ्यावं लागतं. आपल्या भागात भरत्या कशा रखडतात ते बघता ही गोष्ट छोटी नाही.

भाषेची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. हुबळीच्या लॉ युनिव्हर्सिटीचे पेपर इंग्लिशमध्ये किंवा कन्नडमध्ये लिहायचे असतात, मराठीत नाही. कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ चा, ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी १८८२ चा, त्यातलं इंग्लिश असलं की इंग्लिश मीडियमची पोरं पण पहिल्या सेमिस्टरला डोकं धरून बसतात. म्हणजे तू शून्यावर आणि बाकीचे शंभरावर असं काही नाही. यासाठी आजपासून करण्यासारखं एक काम सांगते, फुकट आहे. भारताचं संविधान मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्लिशमध्ये सरकारी भाषांतरात मिळतं. रोज एक कलम तिन्हीत वाच, आणि कन्नडमधलं हातानं वहीत उतरवून काढ, टाइप नको. कलम १४ पासून सुरू कर, पहिल्या दिवशी अर्धा तास जाईल, महिन्यानं दहा मिनिटं लागतील. मग सुप्रीम कोर्टाच्या वेबसाइटवर निवडक निकालांची मराठी आणि कन्नड भाषांतरं आहेत ती घे. भाषांतर मशीनच्या मदतीनं केलेलं, जरा खडबडीत आहे, पण इंग्लिश शेजारी ठेवलंस की चालतं.

कन्नडबद्दल स्पष्टच बोलते, कारण आपल्यात यावर कुणी नीट बोलत नाही. खानापूर-बेळगावच्या कोर्टात एफआयआर कन्नडमध्ये, साक्षी कन्नडमध्ये, तहसीलदार ऑफिसचे कागद कन्नडमध्ये. कन्नड लिहिता आलं नाही तर तू दुसऱ्याच्या जीवावर वकिली करशील. शिकलीस म्हणून मराठी कमी होत नाही. उलट ऐक, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळं जुने फेरफार, वाटणीपत्रं, खरेदीखतं मराठीत आहेत, त्याच्या आधीची काही मोडीत. आज हिश्श्याचं भांडण लागलं की नवा उतारा कन्नडमध्ये, आजोबाच्या वेळचा कागद मराठीत आणि अपील हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात इंग्लिशमध्ये. तिन्ही वाचणारा वकील किती मिळतात? तुला जे कमीपणाचं वाटायलंय ना, दोन भाषांच्या मधे अडकणं, त्यावर इथं पक्षकार मिळतात. मोडीचा छोटा कोर्स कधीतरी करून घे, लॉ करताना दुसरी डिग्री करायला बार कौन्सिलचे नियम परवानगी देत नाहीत, पण भाषेचा छोटा पार्टटाइम कोर्स चालतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. तुझ्या पत्रात बहिणीची एक ओळ आहे, तू त्यावर काही बोलली नाहीस, पुढं गेलीस. मी तिथंच थांबले.

हिशोब बघ. बीए तीन वर्षं (कर्नाटकात चार वर्षांचं आलेलं ते २०२४-२५ पासून परत तीनचं झालं), त्यावर तीन वर्षांचं एलएलबी, एकूण सहा. पाच वर्षांचं बीए एलएलबी, एकूण पाच. फरक एका वर्षाचा. कुठल्याही मुलाला मी डोळे झाकून सांगितलं असतं, बाबा रे, बीए कर, तीन वर्षांत कळेल काय आवडतं ते, ४५ टक्के पडले की लॉचं दार उघडंच आहे, आणि नाही वाटलं तर बीए हातात आहेच. पाच वर्षांच्या कोर्सला ही सोय नाही, तिसऱ्या वर्षी मला बीए द्या आणि मोकळं करा असं म्हणता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमातच बसत नाही. म्हणजे वरवर बघता पाच वर्षांचं लॉ जास्त धोक्याचं.

पण आपल्या गावात मुलगी बीए फायनलला आली की काय होतं ते तुला मी काय सांगू. स्थळं यायला लागतात, "डिग्री झाली की आता, बास" म्हणतात, आणि "पुढचं सासरी जाऊन कर, ते लोक शिकवतो म्हणालेत". बीए आणि एलएलबीच्या मधे जो काही महिन्यांचा काळ असतो ना, नवीन ॲडमिशन, नवीन फी, घरात परत एकदा परवानगी, ते म्हणजे टिळकवाडीचं रेल्वे गेट आहे. उघडं असलं तर दोन सेकंदात पार, पडलं तर किती वेळ थांबायचं ते आपल्या हातात नसतं. मुलाच्या वेळी ते बहुतेक उघडं असतं. जो नियम मुलाला अडचणीचा, तोच तुला कामाचा, कारण पाच वर्षांच्या कोर्सला मधे गेटच नाही. "अजून दोन वर्षं आहेत, मधेच सोडलं तर काहीच मिळत नाही, भरलेली फी पण वाया" हे वाक्य वडिलांसमोर, आजीसमोर, पाहुण्यांसमोर बोलता येतं आणि ते खरं आहे. तुझ्या ताईकडं हे वाक्य नव्हतं.

म्हणून तू आधी बीए की लॉ हे ठरवू नकोस, ताईशी बोल. फोन करून विचार, तिसऱ्या वर्षी नक्की काय झालं, कोण काय म्हणालं, वडील कुठल्या बाजूला होते, तिनं स्वतः हो म्हटलं होतं का. कदाचित तिलाच लग्न करायचं होतं, मग माझा सगळा युक्तिवाद पडला आणि तू खुशाल बीए कर, राज्यशास्त्र घे, मनासारखं वाच, पुढं तीन वर्षांचं लॉ वाटलं तर बघ. पण तिला थांबवलं असेल तर मी सांगते, पाच वर्षांचं घे. राज्यशास्त्र त्यात आहे, कमी आहे, ते लायब्ररीतनं भरून काढता येईल. सुटलेली तीन वर्षं लायब्ररीत मिळत नाहीत.

कुठं घ्यायचं? घरची ओढाताण बघता बेळगावातच. राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ पासून आहे, देशाचे सरन्यायाधीश झालेले ई. एस. वेंकटरामय्या आणि ॲटर्नी जनरल झालेले के. के. वेणुगोपाल इथं शिकलेत, तेव्हा गावातलं कॉलेज म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. बायकांच्या फुकट प्रवासाच्या शक्ती योजनेमुळं खानापूर-बेळगाव साध्या सरकारी बसला तुला तिकीट नाही, रोज येऊन-जाऊन होतं, नाहीतर सरकारच्या बीसीएम (मागासवर्ग-अल्पसंख्याक) हॉस्टेलला अर्ज घाल. कोल्हापूरचं शहाजी लॉ कॉलेज जुनं आहे, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच पण आलंय, आकर्षण वाटेल. पण तिथं महाराष्ट्राची लॉ सीईटी, राहायचा-जेवायचा खर्च, आणि वकिली शेवटी खानापुरात करायची असेल तर कन्नड मागं पडणार. नॅशनल लॉ स्कूलसाठी क्लॅट ही प्रवेश परीक्षा असते, तिची तयारी वर्षभर आधीपासून करतात आणि फी लाखात, तुझ्यासाठी यावर्षी तो विषय सोड. कॉलेज कुठलंही असू दे, बार कौन्सिलची मान्यता चालू आहे का ते विचारल्याशिवाय फी भरू नकोस, आणि ७० टक्के हजेरी खरोखर घेतात, घरबसल्या लॉ होतं म्हणणाऱ्या एजंटांच्या नादी लागू नका, हे सगळ्यांनाच सांगते. नोकरी करत करत लॉ करायचं म्हणून मला लिहिणाऱ्या दोघा-तिघांना पण हेच उत्तर.

आणि राजकारण करायला डिग्री लागत नाही हे तुझ्या वडिलांनी दाखवलंयच. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत आणि २१ वर्षं पूर्ण झाली की उभं राहता येतं, म्हणजे लॉच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला तू स्वतः उमेदवार असू शकतेस. आपल्याकडं त्या जागांवर बायको निवडून येते आणि मिटिंगला नवरा बसतो, ते तुला माहीत आहे. तोपर्यंत प्रत्येक ग्रामसभेला जाऊन बस, जमाखर्च वाचून दाखवतात तेव्हा लिहून घे. एक दिवस खानापूर कोर्टात पण जाऊन मागच्या बाकावर बस, कोर्ट सगळ्यांना उघडं असतं, कुणी विचारलं तर लॉला ॲडमिशन घ्यायची आहे म्हणून सांग. दिवसभर तारखाच पडतील, कंटाळा येईल. तो कंटाळा सहन होतो का तेवढं बघ.

मामाला हे पत्र दाखवायचं का ते तू ठरव. वडिलांशी बोलताना मात्र लॉ की राज्यशास्त्र असा विषय काढू नकोस, पाच वर्षं शिकवणार का, तेवढंच विचार, आणि ताई समोर असताना विचार. जात-उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीत (महसूल खात्याच्या ऑफिसात) आत्ताच अर्ज घालून काढून घे, स्कॉलरशिपच्या एसएसपी पोर्टलला लागतात, आणि आधार, बँक पासबुक आणि मार्क्स कार्डवर तुझं नाव एकसारखं आहे का ते तपास, मराठी नावं कन्नडमधून इंग्लिशमध्ये जाताना काहीतरी वेगळीच होऊन येतात आणि मग स्कॉलरशिप तिथं अडकते.